सरूबाईनं भरलेला फॉर्म

माझ्या उजव्या डोळ्याचं आप्रेशन झालं आन् पंधरा दिसांत आमच्या घरातली सगळी झाकलेली भांडी उघडी पडली.

मोतीबिंदू व्हता. डॉक्टर म्हनला, वाकायचं न्हाई, धुरात बसायचं न्हाई, डोळ्याला पानी लागू द्यायचं न्हाई. मी काळा चष्मा लावून पुढच्या खोलीत खाटंवर बसले. समोरच्या दुर्गाबाईला सांगितलं, माझ्या डोळ्यातनं गारगोटीएवढा खडा निघाला, डॉक्टरनं त्यो बाटलीत घालून तपासायला पुन्याला धाडलाय. ती बिचारी खडा परत आला का म्हनून तीनदा इचारून गेली.

खोटं बोलनं येगळं आन् गोष्टीला जरा फोडनी देनं येगळं. आता, उसात बिबट्या माझ्याम्होरं आला व्हता, हे खरं. मी त्याला उलथन्यानं हानला, हे बी खरं धरून चाला. बिबटे किती व्हते, ते ऐकनाऱ्याला येळ किती हाय त्याच्यावर असतं.

तर आमचं घर डब्याचं. चाकनशेजारच्या आमच्या कुरुळीत कंपन्या आल्या, कांद्याची वावरं गेली, तिथं खोल्या उठल्या. एकेका खोलीत चार चार कामगार, कुनी लातूरचा, कुनी जळगावचा. त्यांच्या पोटाची काळजी आमाला. माझी सून विजयश्री बीडकडली. पहाटं तिच्या दोन शेगड्या पेटल्या का दहापतुर तिची पाठ सरळ व्हत न्हाई. हाताला कोपरापतुर भाजल्याचे डाग, जसे काय बांगड्याच. माझा लेक बुद्धभूषण, आमी भूषण म्हनतो, त्यो ॲपे रिक्षात डबे भरून साडेनवाला निघतो आन् कंपन्यांच्या गेटावर वाटतो. बासष्ट डबे. तीन खनी, वर कडी, कडीला लोकर. लाल लोकर म्हंजी तिखट कमी. हिरवी म्हंजी भात जास्ती. पिवळी म्हंजी कांदा-लसून न्हाई. बिनलोकरीचा म्हंजी पुढं येईल ते खानारा. असली मानसं थोडी.

झाकनं लावायची आन् लोकर बांधायची हे काम माझ्या नातीचं, साक्षीचं. बारा वर्सांची, सातवीत. एक वेनी घट्ट, दुसरी निम्मी सुटलेली, कारन दुसऱ्या वेनीपतुर तिचं ध्यान भलतीकडं गेलेलं असतं. पोरगी गरीब. उड्या मारनं न्हाई, उलटून बोलनं न्हाई. हाक मारली का 'हां' म्हनती आन् हालत न्हाई. दुसऱ्यांदा मारली का परत 'हां'. तिसऱ्यांदा तिची आई उलथनं घिऊन येती.

मी खाटंवर बसले त्याच्या तिसऱ्या दिशी, दुपारच्याला भूषणचा फोन वाजला. त्यानं मोठा आवाज लावला. पलीकडं यशवंतराव. ते एका कंपनीत सुपरवायझर. त्यांच्या एकल्या गेटावर बावीस डबे जात्यात.

"भूषणभाऊ, डबा उघडला."

"व्हय साहेब."

"वरच्या खणात चपात्या. मधल्यात भात. खालच्या खणात काय पाहिजे?"

"मेथीची भाजी साहेब."

"कोनमापक आहे. एक कर्कटक आहे. आणि एक खोडरबर आहे, ते माझ्याआधी कुणीतरी खाल्लेलं आहे."

भूषणनं माझ्याकडं बघितलं. मी काळ्या चष्म्यातनं भिताडाकडं बघितलं.

आता ह्यात माझा बी हात व्हता. पोरीचा कंपास महिन्याला हरवायचा, म्हनून मीच तिला जुन्या डब्याचा सुटा खन दिला व्हता, झाकनासकट. म्हनलं, यवढा मोठा कसा हरवंल? न्हाई हरवला. यशवंतरावांच्या पोटाम्होरं जाऊन बसला. आन् तिकडं शाळेत गनिताची चाचनी चालू झाली, साक्षीनं खन उघडला, तर मेथी. लसनाची फोडनी दिलेली. सगळ्या वर्गाला भूक लागली म्हनं. तिनं मेथी बाजूला ठिवली आन् हातानंच वर्तूळ काढलं. उत्तरपत्रिका घरी आली तवा तिला त्याल लागलं व्हतं.

मंग रांगच लागली. पिवळ्या लोकरीत लसून गेला. हिरव्याचा भात लालला गेला. एका दिशी तर एकोनीस डब्यांस्नी लालच लोकर, कारन लाल बांधता बांधता तिला मोरीपाशी मुंग्यांची रांग दिसली, आन् मुंग्या साखरंचा दाना कसा उचलत्यात ते बघता बघता हात आपला लालच बांधत राह्यला. भूषणला प्रत्येक गेटावर मान खाली घालून हुबं राहावं लागलं. कुनी हासायचं, कुनी शिव्या घालायचं. यशवंतराव म्हनले, महिनाभर बघतो, न्हाईतर दुसरीकडनं मागवतो.

भूषण घरी आला, रिकामे डबे धाडधाड मोरीत टाकले.

"बास झालं. सातवीपतुर शिकली लई झालं. पुढं शाळा न्हाई. हितं पोळपाटापाशी बसंल. निदान लाटनं तरी डोळ्याम्होरं राहील."

"आवो, तिला आठवीला चाकनच्या शाळेत जायचंय," विजयश्री म्हनाली. "तिथं त्या मशीनमधून मुंगीचा पाय दिसतोय म्हनायली लेकरू."

"मुंग्याच दाखवा तिला अजून!"

साक्षी दारामागं व्हती. आंगठ्याच्या नखाच्या कडंची कातडी दातानं सोलत व्हती. रक्त आलं तरी तिला कळंना. मंग हळूच माझ्या खाटंवर येऊन बसली.

"आज्जी, आधी तर मला जमायचं ना गं? पहिलीपासून बांधते मी डबे. कधी चुकले नाही. मग आत्ताच काय झालं मला? मी बिघडले का?"

मी तिला बिबट्याची गोष्ट सांगितली. तिनं ऐकली न्हाई. माझ्या इतक्या वर्सांच्या कारकिर्दीत बिबट्या पयल्यांदा वाया गेला.

आठवड्यानं शाळंतनं बोलवनं आलं. भूषणची डब्याची येळ, म्हनून देहूरोडहून माझा धाकला, धम्मरत्न, मोटारसायकल घिऊन आला. विजयश्री मधी, मी मागं, काळा चष्मा, वाऱ्यानं पदर उडतोय. कंटेनरवाल्यांनी हॉर्न वाजवले. मी समद्यास्नी हात केला.

वर्गशिक्षिका स्वप्नाली मॅडम, ह्याच साली आलेल्या. वयानं लहान, पन नजर पक्की. टेबलावर एक जाडजूड फाईल. आमी तिघं बाकावर बसलो, ल्हान पोरांच्या बाकावर. धम्मरत्नचे गुडघे हनुवटीला लागले.

"आजी, साक्षीच्या जुन्या चिठ्ठ्या वाचत होते मी," मॅडम म्हनल्या. "उशीर का झाला, वही का नाही, अभ्यास का नाही, त्याच्या. सगळ्या तुमच्या सहीच्या. तिसरीत, 'रस्त्यात बिबट्या आडवा आल्याने'. चौथीत, 'वही म्हशीने खाल्ली'. तुमच्याकडे म्हैस आहे?"

"व्हती," मी म्हनलं. "वही पचली न्हाई तिला."

"आणि हे." मॅडमचा आवाज खाली गेला. "दुसरीत, 'साक्षीचे काका धम्मरत्न यांचे निधन झाल्याने'. चौथीत, 'काका धम्मरत्न यांचे अचानक निधन झाल्याने'. आणि मागच्या वर्षी परत."

धम्मरत्न गुडघ्याआडनं म्हनला, "मॅडम, धम्मरत्न मीच."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मंग त्यांनी पानी पेलं. विजयश्रीनं मला असा चिमटा काढला का डोळ्याचा टाका सुटावा.

"पयल्या दोन बारीला ठीक हाय," धम्मरत्न मला म्हनाला, "पन मागच्या वर्षी मी हिला सायकल घिऊन दिली व्हती गं आये!"

मॅडमनी फाईल मिटली. हासू आलं व्हतं, पन दाबलं. मंग साक्षीची उत्तरपत्रिका काढली. पयली तीन उत्तरं मोत्यावानी. चौथं निम्मं. पुढं कोरं, आन् कडंला मुंगी काढलेली, सहा पाय, पायाला केस सुदिक.

"तिला येत नाही असं नाहीये. तोंडी विचारलं की सगळं सांगते. तिचं लक्ष तिच्या हातात राहत नाही. मी आधीच्या शाळेत असा एक मुलगा पाहिला होता. तो बाकावरून उड्या मारायचा, म्हणून आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. साक्षी उड्या मारत नाही. ती बसल्या जागेवरून खिडकीबाहेर निघून जाते आणि कुणाला त्रास होत नाही. म्हणून सहा वर्षं कुणी बघितलंच नाही. मी डॉक्टर नाही, पण तुम्ही एकदा चिंचवडला दाखवून या."

त्यांनी कागदावर डॉक्टरीनबाईचा पत्ता लिहिला आन् खाली चार इंग्रजी अक्षरं, एडीएचडी. कंपनीच्या पाटीवानीच दिसत व्हतं. विजयश्रीनं कागद ब्लाउजमधी ठिवला. धम्मरत्न सगळ्या वाटंनं बोलत व्हता, आपून तिसऱ्यांदा कशानं मेलो ते त्याला जानून घ्यायचं व्हतं.

चिंचवडच्या डॉक्टरीनबाईनी पयल्या दिशी पोरीचे डोळे, कान, वजन सगळं बघितलं, रगात तपासाया लिहून दिलं, झोप कशी लागती ते इचारलं, तिच्याशी येकटीशी बोलल्या. मंग फॉर्म दिले. एक शाळंला, एक बापाला, एक मला. म्हनल्या, जो तिच्याबरोबर जास्त वेळ असतो त्याने भरायचा. फॉर्मवर लई प्रश्न. 'सांगितलेलं काम अर्धवट सोडते का', 'वस्तू हरवते का', 'बोलताना लक्ष नाही असं वाटतं का'. प्रत्येकाम्होरं चार चौकोन. कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी.

मी चौथी शिकलेली. वाचता येतं, तेवढ्यानंच घात झाला. दुर्गाबाई शेंगा फोडीत बसली व्हती.

"सरूबाई, ह्ये डोक्याच्या डॉक्टरचं दिसतंय. बघ बाई. एकदा का कागदावर 'येडी' लिहिलं, का जलमभर पुसत न्हाई. उद्या पावनं बघाया आलं तर?"

ती गेल्यावर मी पेन घेतला आन् वरपासनं खालपतुर एकच चौकोन धरला. कधीच न्हाई. कधीच न्हाई. हरवते का? कधीच न्हाई. विसरते का? कधीच न्हाई. शेवटाला 'शांत बसू शकते का' असा उलटा प्रश्न आला, तिथं बी हात चालत व्हता म्हनून कधीच न्हाईवरच टिक पडली. ऱ्हाऊ दिली.

तिकडं भूषणनं त्याचा फॉर्म यशवंतरावांच्या गेटावर, स्टेरिंगवर ठिऊन भरला. नुकताच शिव्या खाऊन आलेला. त्यानं सगळीकडं नेहमी. 'मोठ्यांशी उद्धटपणे वागते का' तिथं बी नेहमी. पोरीनं जलमात बापाला उलटून 'ब' म्हनलं न्हाई.

पंधरवड्यानं आमी चौघं चिंचवडला गेलो. डॉक्टरीनबाईनी तिन्ही फॉर्म टेबलावर एकाशेजारी एक मांडले, चष्मा वर केला, खाली केला.

"मॅडमचा फॉर्म समजतो मला. पण या दोन फॉर्ममधल्या मुली वेगळ्या आहेत. एक साक्षी सगळं चुकते. दुसरी आयुष्यात कधी काही विसरलेली नाही, पण एक क्षण शांत बसत नाही. घरी मुली किती?"

"एकच," विजयश्री म्हनाली. आन् माझ्याकडं वळली. "आई?"

"त्याचं काय हाय बाई," मी सुरू केलं, "ही जलमली त्या दिशी यवढं वारं सुटलं, यवढं वारं सुटलं का कंपनीचं पत्रं उडून—"

"आजी." डॉक्टरीनबाई हासल्या. पेन खाली ठिवला. "पत्र्याची गोष्ट मी नंतर नक्की ऐकेन. पण मला औषध द्यायचं की नाही ते ठरवायचंय. लहान असल्यापासून असं आहे की आत्ताच सुरू झालं, हे मला कळलं पाहिजे. आत्ताच सुरू झालं असेल तर कारण वेगळं असू शकतं, मग मला दुसरंच काही शोधावं लागेल. तुमच्या सुनबाई म्हणतात, दिवाळीपर्यंत एकही डबा चुकला नव्हता. हे खरं आहे?"

पंखा गरगरत व्हता, तरी माझ्या चष्म्याआड घाम उतरला. भूषण म्हनाला, "खरं हाय. आता दोन महिनेच हे सुरू झालंय. आळस, दुसरं काय."

साक्षीनं मान खाली घातली व्हती. आंगठ्याला फडकं गुंडाळल्यालं. तिनं हळूच माझ्याकडं बघितलं. त्या दिशीचाच प्रश्न व्हता तिच्या डोळ्यात. मी बिघडले का?

खरं सांगते, बिबट्याम्होरं हुबं राहनं सोपं व्हतं.

"खरं न्हाई," मी म्हनलं.

"काय खरं न्हाई?" भूषण.

"डबं चुकायचं. पयलीपासनं. तू रिक्षाचं त्याल-पानी बघाया बाहीर गेलास, विजयश्री चपात्यांच्या टोपलीत वाकली, का मी लसून सोलायचं सोडून सगळं डबं उघडून बघायची. खन बदलायची, लोकर बदलायची. तू येईपतुर परत लसून."

विजयश्रीचं तोंड उघडंच. "सहा वर्सं? रोज? किती चुकायचे?"

"आठ-धा. मुंग्या निघाल्या तर पंधरा."

"आन् दप्तर?" ती म्हनाली. "तिचं दप्तर तर रातच्यालाच भरलेलं असायचं. मी शेजारनींला सांगायले ना, माझं लेकरू सोताचं दप्तर सोता भरतंय!"

"मी भरायची. मोजे मी शोधायची. वही इसरली का पोचवायला मीच जायची. न्हाई जमलं तर चिठ्ठी." मी पदरानं तोंड पुसलं. "म्हनून धम्मरत्नला तीनदा मारावा लागला. आप्रेशन झालं, मी खाटंवर बसले, तवा हे दिसाया लागलं. पोरगी तीच हाय. झाकनारा हात बसला व्हता."

भूषण पायाच्या नखाकडं बघत व्हता. मंग साक्षी बोलली.

"म्हणजे मी आधीपासूनच अशी आहे?"

"व्हय गं माझे बाई."

"म्हणजे मी बिघडले नाही."

आन् मंग ती रडाया लागली. डॉक्टरीनबाईनी तिला रुमाल दिला, आन् गंमत म्हंजी रडता रडता तिनं इचारलं, ह्या रुमालाच्या डब्यातनं एकामागं एक रुमाल आपोआप वर कसा येतो. डॉक्टरीनबाईनी डबा उघडून दाखवला तिला.

मंग त्यांनी त्या चार अक्षरांचा, एडीएचडीचा, अर्थ नीट सांगितला. हा आळस न्हाई, येडेपना न्हाई, आईबापाची चूक न्हाई. मेंदूची घडनच तशी असती; काय कामाला ध्यान चिकटतच न्हाई, काय कामाला असं चिकटतं का सुटत न्हाई. पोरींच्यात लई उशिरा कळतं, कारन पोरी गप बसत्यात, आन् घरच्या बाया सावरून घेत्यात.

"मंग काढून टाका की," मी म्हनलं. "माझा मोतीबिंदू काढला तसं."

"हे काढायचं नसतं आजी. हे तिच्याबरोबर राहणार. रोज सकाळी एक गोळी, त्या गोळीने लक्ष धरून ठेवायला मदत होईल. हुशारी गोळीतून येत नाही, ती तिच्याकडे आहेच. गोळी मी बघून बघून कमी-जास्त करेन, वजन आणि रक्तदाब तपासत राहू. आणि घरी कामाची पद्धत बदलायची. एका वेळी एकच काम सांगायचं. डोळ्यांना दिसेल अशा खुणा करायच्या. शाळेत पुढचा बाक. आणि तुम्हाला वेगळं पथ्य आहे."

"डोळ्याचं?"

"हातांचं. तिची चूक तुम्ही गुपचूप दुरुस्त करायची नाही. तिची तिला सापडू द्यायची. नाहीच सापडली तर तोंडाने सांगायचं."

डोळ्याच्या डॉक्टरनं दोन महिने दिले व्हते. हिनं कायमचंच सांगितलं.

गोळी सुरू झाली. पयल्या हप्त्यात पोरीला दुपारची भूकच लागंना. आमच्या घरात! बासष्ट मानसांचं जेवन शिजतंय आन् घरची पोर डबा तसाच परत आनती. विजयश्री घाबरली, फोन लावला. बाईंनी सांगितलं, गोळीच्या आधी पोटभर खाऊ घाला, संध्याकाळी भूक लागेल तेव्हा परत द्या, आठ दिवसांनी वजन दाखवा. तवापासनं सकाळी सातला साक्षी भाकरी-पिठलं चेपून खाती, मंग गोळी. दुर्गाबाईनं इचारलं, कसली गं गोळी? मी म्हनलं, अमेरिकेतनं येती, इमानातनं, एका वेळी एकच. साक्षी आतनं वरडली, "दुर्गाआज्जी, लक्षाची आहे! चिंचवडवरनंच येते!" पोरगी आमच्या घरात वाया चाललीय.

धम्मरत्न देहूरोडहून एक लांब फळी घिऊन आला. म्हनला, मेलेल्या मानसाकडनं भेट. साक्षीनं त्याच्यावर रंगानं बासष्ट गोल काढले. गोलात नंबर, नंबराला लोकरीचाच रंग. लाल गोलावर लाल डबा. एक रंग संपल्याशिवाय दुसरी लोकर हातात घ्यायची न्हाई. मोरीकडं पाठ करून बसायचं, मुंग्या दिसायला नगंत. तिचं तिनंच ठरवलं हे.

आन् मी? मी हातावर हात बांधून खाटंवर. पयल्या दिशी तीन डबे चुकीचे दिसले, माझं हात आपोआप सुटाया लागले. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून त्यांच्यावरच बसले. विजयश्री म्हनाली, "आई, तुमाला थंडी वाजायली का?" दोन तिचे तिला सापडले. तिसरा मी तोंडानं सांगितला. यशवंतरावांनी महिना म्हनलेला, त्याचा दीड झाला, पन गेटावरचा डबा काय बंद झाला न्हाई. भूषणला शाळंचं इचारलं का मातुर म्हनायचा, "बघू." चाकनच्या शाळंचा फॉर्म फडताळावर पडून व्हता, त्याच्यावर पोळपाट.

असा मार्च उजाडला. ऊन तापलं, रस्त्याची धूळ चपात्यांवर बसाया लागली. एका सकाळी भूषणनं डबे भरले आन् निघाला. मी सवयीनं फळीकडं बघितलं. एक्केचाळीस नंबरच्या गोलावर डबा तसाच! लाल लोकर. यशवंतरावांचा.

साक्षी आरशाम्होरं रिबीन बांधत व्हती. मी तोंड उघडलं, मिटलं. तिची तिला सापडू द्यायची. आता ही तिची चूक तरी कुठं व्हती, बापाची व्हती. पन मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. तिनं रिबीन बांधली. दप्तर घेतलं. दाराकडं गेली. खिडकीत कबुतर बसलं व्हतं, त्याच्याकडं बघत राह्यली. मी मनात म्हनलं, संपलं.

मंग ती वळली, शाळंचा डबा घ्यायला. आन् थबकली.

"आज्जी, एक्केचाळीस!"

दप्तर टाकलं, डबा उचलला आन् सुटली. मी मागनं वरडले, गाडी गेली गं, धा मिनटं झाली! पन आमच्या चाकनच्या रस्त्यावर धा मिनटांत गाडी जाती कुठं? कंटेनरला कंटेनर चिकटलेला. दोन हजार पावलांवर भूषणची रिक्षा हुबी, पुढं ट्रेलर, मागं बस. भूषणनं आरशात बघितलं तर गाड्यांच्या रांगंतनं एक पोरगी पळत येतीय, दोन्ही हातानं डबा सरळ धरलेला, आमटी सांडाया नगं म्हनून मान ताठ, एक वेनी घट्ट, एक सुटलेली, एका पायात चप्पल, एक पाय उघडा.

"पप्पा, एक्केचाळीस," ती म्हनाली. तिच्यात येवढाच दम उरला व्हता.

त्यानं डबा घेतला. मंग तिला शेजारी बसवलं, शाळंपतुर सोडलं. त्या दिशी डबे उशिरा पोचले. यशवंतरावांनी इचारलं का न्हाई ठाव न्हाई. संध्याकाळी भूषण आला, पाय धुतले, फडताळावरचा पोळपाट उचलला, खालचा फॉर्म झटकला. पीठ उडालं. मंग पेन शोधाया लागला.

दुसऱ्याच हप्त्यात चिंचवडची तारीख. परत तेच फॉर्म, चार चौकोन. भूषण ह्या वेळंला गेटावर बसला न्हाई. घरी, साक्षीला शेजारी घिऊन, एकेक प्रश्न तिला वाचून दाखवत भरला. 'उद्धटपणे वागते का' तिथं त्यानं कधीच नाही केलं आन् टिक दोनदा गिरवली.

मी माझा भरला. हात लई वळवळत व्हता पयल्या चौकोनाकडं. पन न्हाई. काम अर्धवट सोडते का? कधी कधी. विसरते का? कधी कधी. वस्तू हरवते का? नेहमी. चप्पल अजून सापडली न्हाई.

डॉक्टरीनबाईनी तिन्ही कागद मांडले. चष्मा वर केला. "या वेळी तिघांनी एकाच मुलीबद्दल लिहिलंय." मंग माझा कागद उलटा केला. मागं 'इतर काही सांगायचे असल्यास' म्हनून जागा असती. मी ती सगळी भरली व्हती, कडंनं सुदिक. त्या वाचाया लागल्या. एक्केचाळीस नंबर, पळनं, कंटेनर, उघडा पाय. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"आजी, हे खरं आहे?"

मी काय बोलायच्या आदी भूषण म्हनाला, "खरं हाय बाई. मी माझ्या डोळ्यांनी आरशात बघितलंय. आठवीला चाकनलाच घालतोय तिला." त्यानं कागदावर बोट ठिवलं. "फक्त हितं, शेवटाला, तिच्या मागं बिबट्या पळत व्हता म्हनून लिहिलंय, तेवढं खोडा."

डॉक्टरीनबाईनी पेन उचलला.

"राहू द्या ना," साक्षी म्हनाली. "आज्जीनं एकच लिहिलाय."